आइस स्टेशन झेब्रा (१९६८): खोटा बर्फ, खरी कॅप्सूल

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

जॉन स्टर्जेस यांनी दिग्दर्शित केलेला ‘आइस स्टेशन झेब्रा’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अकरावीत होतो. मध्यंतरानंतरचा भाग मला इतका नकली वाटला होता की त्यातली हेरगिरीची गोष्टही मी त्याच खात्यात टाकून मोकळा झालो होतो. गेल्या पंधरवड्यात तो पुन्हा पाहिला, आणि ते जुने मत आता निम्मेच शिल्लक राहिले आहे. बर्फ नकली आहेच. पण ज्या गोष्टींना मी तेव्हा ‘काहीही दाखवतात’ म्हणून हसलो होतो, त्या बहुतेक खऱ्या निघाल्या. त्यावर बोलावे म्हणून हा धागा. पुढे शेवटापर्यंतचे कथानक उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी तो पाहूनच इथे यावे.

कथानक थोडक्यात असे. उत्तर ध्रुवाजवळ तरंगत्या बर्फावर वसलेल्या ‘झेब्रा’ या ब्रिटिश हवामान केंद्राकडून मदतीची हाक येते आणि स्कॉटलंडहून अमेरिकेची ‘टायगरफिश’ ही अणुपाणबुडी निघते. कप्तान फेराडे (रॉक हडसन) यांच्यावर वरकरणी बचावाचे काम सोपवलेले असले, तरी प्रत्यक्षात त्यांना जोन्स नाव सांगणाऱ्या एका ब्रिटिश हेराला (पॅट्रिक मॅकगूहन) तिथवर पोहोचवायचे आहे, आणि तो कशासाठी चालला आहे हे विचारायचे नाही. वाटेत आणखी दोघे येऊन मिळतात: रशियातून फुटून आलेला वास्लोव (अर्नेस्ट बोर्गनाइन) आणि मरीन तुकडीचा करड्या शिस्तीचा कप्तान अँडर्स (जिम ब्राउन). पाणबुडीत घातपात होतो, म्हणजे या मंडळींपैकी कोणीतरी फितूर आहे. बर्फाखालून वाट काढत सगळे झेब्राला पोहोचतात आणि मग खरा प्रकार कळतो. एका सोव्हिएत उपग्रहाने टाकलेली कॅप्सूल तिथे पडली आहे. तिच्यातल्या फिल्मवर अमेरिकेची क्षेपणास्त्र केंद्रे आहेत, आणि कॅमेरा बिघडून चालूच राहिल्यामुळे सोव्हिएत केंद्रेही आहेत. त्यामुळे ती दोन्ही पक्षांना हवी आहे, आणि दुसऱ्याच्या हाती ती पडलेली दोघांनाही चालणार नाही.

अकरावीत असताना मला प्रश्न पडला होता की उपग्रहाने काढलेले फोटो जमिनीवर ‘पाठवायचे’ सोडून कोणी डब्यात भरून वरून खाली का टाकील? उत्तर असे की त्या काळी खरोखर तसेच करत. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या गुप्त कार्यक्रमातील उपग्रह फिल्मवर छायाचित्रे घेत. फिल्म संपली की ती एका कॅप्सूलमध्ये गुंडाळून खाली सोडली जाई, पॅराशूट उघडे, आणि हवाई बेटांजवळच्या आकाशात एक मालवाहू विमान मागे आकडे लोंबकळत ठेवून ते पॅराशूट हवेतच पकडे. हे पहिल्यांदा जमले ते १९ ऑगस्ट १९६० रोजी, आणि त्या एका कॅप्सूलमध्ये सोव्हिएत भूभागाची जेवढी छायाचित्रे मिळाली तेवढी त्याआधीच्या सगळ्या यू-२ हेरविमानांच्या उड्डाणांतून मिळाली नव्हती. हा कार्यक्रम १९७२ पर्यंत चालला आणि १९९५ मध्ये त्यावरची गुप्तता उठवली गेली. सुरुवातीच्या वर्षांत जगाला तो ‘डिस्कव्हरर’ नावाचा शास्त्रीय प्रयोग म्हणून माहीत होता.

आता मुद्द्याचे. १३ एप्रिल १९५९ रोजी सुटलेल्या डिस्कव्हरर-२ ची कॅप्सूल हवाईजवळ उतरायची होती. आज्ञेच्या वेळेत चूक झाली आणि ती उतरली आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटाजवळ. त्या बेटावर तेव्हा सोव्हिएत कोळसाखाणी होत्या. अमेरिकनांनी शोध घेतला, पण कॅप्सूल सापडली नाही, आणि ती सोव्हिएत लोकांनी उचलली असावी हा संशय अमेरिकनांच्या मनातून गेला नाही. अ‍ॅलिस्टर मॅक्लीन यांची मूळ कादंबरी त्यानंतर चार वर्षांनी, १९६३ मध्ये आली.

म्हणजे पटकथेतली सर्वांत अचाट वाटणारी गोष्ट खरी, आणि जी साधीच दाखवायची होती, म्हणजे थंडी, ती खोटी. हे असे का झाले असावे, यावर जाणकारांनी लिहावे.

शंकेखोर

लेख आवडला, पण एक शंका. कार्यक्रम १९९५ पर्यंत गुप्त होता, तर कादंबरीकाराला १९६३ मध्ये ही कल्पना कुठून सुचली? की आपण मागाहून दोन गोष्टींची मोट बांधतो आहोत? शिवाय स्पिट्सबर्गेनला पडलेल्या त्या कॅप्सूलमध्ये तरी फिल्म होती का?

ध्रुवमत्स्य

रास्त शंका आहे. त्या कॅप्सूलमध्ये फिल्म नव्हती. ते चाचणीचे उड्डाण होते. पण उपग्रह सोडल्याचे आणि त्यातून कॅप्सूल परत आणण्याचा प्रयत्न असल्याचे त्या वेळी जाहीर होते. दडवले होते ते तिचे पुढचे काम. परत येणारी कॅप्सूल, ती भलत्याच ठिकाणी पडण्याची शक्यता आणि शीतयुद्ध एवढे जवळ असल्यावर एखाद्या थरारकथाकाराने दोन अधिक दोन चार करणे अवघड नव्हते. त्यांनी नेमके काय वाचले होते याबद्दल मी काही म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्या प्रेक्षकांनी १९६८ मध्ये हे कल्पित म्हणून पाहिले, त्यांच्या डोक्यावरून त्याच वर्षी तसे उपग्रह फिरत होते.

खलाशी_निवृत्त

मी नौदलात होतो, पण पाण्यावरच्या जहाजांवर; पाणबुडीत कधी नेमणूक झाली नाही. तरी या चित्रपटाचा पूर्वार्ध मला कुठल्याही युद्धपटापेक्षा अधिक पटतो, आणि त्याचे कारण म्हणजे टॉर्पेडो ट्यूबचा प्रसंग.

प्रसंग आठवा. वरचा बर्फ जाड आहे, पाणबुडीच्या धडकेने फुटत नाही, म्हणून फेराडे टॉर्पेडो डागून तो फोडायचे ठरवतात. ट्यूबचे आतले दार उघडताच समुद्र आत घुसतो, एक अधिकारी जागीच मरतो आणि पाणबुडी नाक खाली करून खोल जाऊ लागते. टॉर्पेडो ट्यूबला दोन दारे असतात, एक समुद्राकडचे आणि एक आतले, आणि ती दोन्ही एका वेळी उघडी राहू नयेत यावर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो. आतल्या दारावर एक लहानशी तपासणीची तोटी असते. दार उघडण्यापूर्वी ती फिरवायची. पाण्याची धार आली तर बाहेरचे दार उघडे आहे किंवा ट्यूब भरलेली आहे. नाही आली तर उघडायला हरकत नाही. आता कोणी ती तोटीच बुजवली तर?

हे पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेले नाही. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात ब्रिटनची ‘थेटिस’ ही नवी कोरी पाणबुडी चाचणीच्या वेळी अशीच बुडाली. तिथे घातपात नव्हता. रंगकाम करताना तपासणीच्या तोटीचे भोक रंगाने बुजले होते. तोटी फिरवली, पाणी आले नाही, म्हणून आतले दार उघडले, आणि बाहेरचे दार उघडेच होते. ९९ माणसे गेली. त्यानंतर ब्रिटिश पाणबुड्यांमध्ये आतल्या दाराला एक जादा खिटी बसवू लागले, म्हणजे दार आधी बोटभरच किलकिले होते आणि पाणी दिसले तर पुन्हा लावून घेता येते. तिला आजही ‘थेटिस क्लिप’ म्हणतात. जोन्स आणि फेराडे यांच्यात हा घातपात कसा झाला असेल यावर जे बोलणे होते, त्यात नाट्यमय संगीत नाही, आरडाओरडा नाही. दोन माणसे एका यंत्रातली खोड शोधताहेत इतकेच आहे. मला तो चित्रपटातला सर्वांत उत्तम भाग वाटतो.

विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ ही आपली निवृत्त पाणबुडी किनाऱ्यावर ओढून तिचे संग्रहालय केलेले आहे. तिथे पुढच्या कप्प्यात सहा ट्यूबची गोल दारे तीन-तीनच्या उतरंडीसारखी समोर येतात. नातवाला घेऊन गेलो होतो. तो दारावर टकटक करत होता आणि मी त्या दाराच्या कडेला हात लावून उभा होतो. ढालीएवढा तो पोलादाचा तुकडा आणि पलीकडे समुद्र, एवढाच सगळा हिशोब. तिथे एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल भोकातून एक पाय, मग डोके, मग दुसरा पाय असे जावे लागते. चित्रपटातली पाणबुडी मात्र हॉटेलासारखी ऐसपैस आहे. अणुपाणबुड्या मोठ्या असतात हे मान्य केले, तरी एवढ्या नसतात.

आणखी एक गंमत म्हणजे बाहेरून दिसणारी ‘अणुपाणबुडी’ बऱ्याच दृश्यांत ‘रॉन्क्विल’ ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली डिझेलवर चालणारी पाणबुडी आहे. डिझेल पाणबुडीला इंजिने चालवायला आणि बॅटऱ्या भरायला हवा लागते, म्हणून ती बर्फाखाली लांबचा पल्ला मारूच शकत नाही. या कथेला अणुपाणबुडी लागते ती याच कारणाने.

ध्रुवमत्स्य

खलाशीकाका, थेटिसची माहिती मला नवीन आहे, आभार. बर्फ फोडून वर येण्याचा भाग कितपत खरा आहे, तेही सांगाल का?

खलाशी_निवृत्त

बराचसा खरा आहे. ‘नॉटिलस’ ही अमेरिकन अणुपाणबुडी ३ ऑगस्ट १९५८ रोजी ध्रुवाखालून गेली, पण ती तिथे वर आली नाही. ११६ माणसे घेऊन खालून सरळ पार झाली. ध्रुवावर वर आली ती ‘स्केट’, १७ मार्च १९५९ रोजी. तिच्या कप्तानांनी म्हणजे जेम्स कॅल्व्हर्ट यांनी सर ह्यूबर्ट विल्किन्स या संशोधकांची रक्षा तिथे वाऱ्यावर सोडली. विल्किन्स यांनी १९३१ मध्येच एका जुन्या पाणबुडीतून बर्फाखाली जायचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता.

वर येताना पाणबुडी एरवीसारखी नाक उचलून येत नाही. आधी वरच्या दिशेने ध्वनिलहरी सोडून बर्फाची जाडी मोजतात; कागदावर बर्फाच्या तळाचा उलटा डोंगर उमटत जातो. पातळ जागा सापडली की पाणबुडी तिच्या खाली येऊन पूर्ण थांबते आणि मग टाक्यांतले पाणी थोडे थोडे काढत लिफ्टसारखी सरळ वर येते. जरा पुढे-मागे सरकली तर पेरिस्कोपची काठी वाकते. चित्रपटात फेराडे ज्या संथ आवाजात आकडे ऐकत उभे असतात, ते दृश्य या पद्धतीशी जुळते. रॉक हडसन यांना अनेकांनी ‘लाकडी’ म्हटले आहे. माझ्या मते पाणबुडीच्या कप्तानाने लाकडीच असावे.

वास्कोची_वाट

मी गोव्यात वास्कोला आपल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या कामात काही वर्षे होते आणि त्यानिमित्ताने ‘हिमाद्री’ या आपल्या आर्क्टिक केंद्रात एका मार्चमध्ये पाच आठवडे राहिले. हिमाद्री नी-ऑलेसुंड या वस्तीत आहे, म्हणजे धागाकर्त्यांनी उल्लेखिलेल्या त्याच स्पिट्सबर्गेन बेटावर, साधारण ७९ अंश उत्तर अक्षांशावर. १ जुलै २००८ रोजी ते सुरू झाले. त्यामुळे बर्फाबद्दल चार शब्द लिहिण्याचा अधिकार घेते.

हा चित्रपट मी तिथून परतल्यावर पाहिला आणि उत्तरार्धात मला पहिल्यांदा काय खटकले असेल तर लोकांच्या तोंडातून वाफ निघत नाही. वादळ चालू आहे, माणसे टोप्या मागे सारून लांबलचक संवाद बोलताहेत, आणि वाफेचा मागमूस नाही. खऱ्या थंडीत वाफ दिसते एवढेच नव्हे, ती तुमच्यावरच येऊन बसते. उणे अठरा-वीसमध्ये दहा मिनिटे चालले की मफलरचा तोंडासमोरचा भाग पापडासारखा कडक होतो, नाकातले केस आतून टोचतात, आणि पापण्या मिटल्या की क्षणभर एकमेकींना चिकटतात. चश्मा असेल तर विचारूच नका. हातमोजा काढून एखादा स्क्रू फिरवायचा असेल तर तो आधी मनात तीनदा फिरवून घ्यावा लागतो, कारण बोटे तुम्हाला मिनिटभरच देतात. चित्रपटात झेब्राच्या जळक्या झोपड्यांमध्ये जी माणसे अर्धमेली सापडतात त्यांच्याबद्दल मला काही वाटले नाही, कारण त्यांना वाचवायला आलेले लोक फिरायला आल्यासारखे दिसतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. चित्रपटातला बर्फ मुका आहे. कोरड्या थंडीतला बर्फ पायाखाली थर्माकोल घासल्यासारखा करकरतो, आणि फ्योर्डमधला, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीतला समुद्री बर्फ भरती-ओहोटीबरोबर कण्हतो. पहिल्या रात्री मला वाटले की इमारतीत कोणीतरी जड कपाट सरकवते आहे. झेब्रासारखे केंद्र जमिनीवर नसते. ते वाहत्या, फुटत्या, एकमेकांवर चढणाऱ्या लाद्यांवर असते, आणि तिथले लोक त्या आवाजाकडे कान लावूनच झोपत असणार. मधे एकदा बर्फ दुभंगून माणसे भेगेत अडकतात असा प्रसंग आहे, पण तिथेही आधी चेतावणीचा काही आवाज नाही.

तिसरे म्हणजे अस्वल. वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर रायफल बरोबर हवी आणि ती चालवण्याचे प्रशिक्षण झालेले हवे. घरांच्या दारांना कुलूप लावत नाहीत, कारण अस्वल आले तर ज्याला जे दार जवळ पडेल त्यात शिरता यावे. चित्रपटात आर्क्टिकमध्ये एवढ्या बंदुका आहेत आणि एकही अस्वलासाठी नाही, याचे मला हसू आले.

तिकीटबारी

वाफ न दिसण्याचे कारण सरळ आहे: ते सगळे कॅलिफोर्नियात, एमजीएमच्या स्टुडिओत चित्रित झाले. कृत्रिम बर्फ, रंगवलेले क्षितिज आणि वर शेकडो दिवे. तिथे वाफ कशी दिसणार? प्रदर्शित झाल्यापासून समीक्षक हे सांगत आले आहेत, तेव्हा त्यात नवे काही नाही. पण असे का केले, हा धागाकर्त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला पडद्याच्या आकारात दिसते.

हा चित्रपट सुपर पॅनाव्हिजन ७० या रुंद फिल्मच्या पद्धतीने चित्रित झाला आणि सिनेरामाच्या वळणदार पडद्यावर दाखवला गेला. सुरुवातीला संगीत, मध्ये मध्यंतर, सगळा थाट एखाद्या संगीत नाटकासारखा, लांबी अडीच तास. तो कॅमेरा बोजड, दिवे भरपूर लागणार, नट नामांकित. अशा सरंजामाला खऱ्या बर्फावर नेणे निर्मात्यांना परवडण्यासारखे नव्हते. आणि गंमत अशी की मोठा पडदा खोट्याला लपवत नाही, तो त्याला मोठे करतो. पाणबुडीच्या आतले दृश्य बंदिस्त असते. तिथे डायल, नळ्या, घाम सगळे जवळून दिसते आणि ७० मिलिमीटरची सुबकता कामी येते. बाहेर पडल्यावर तीच सुबकता थर्माकोलचा कण न् कण दाखवते.

मात्र पाणबुडी पाण्यात शिरतानाची दृश्ये अस्सल आहेत. जॉन स्टीफन्स या छायाचित्रकाराने पाणबुडीवर बाहेरच्या बाजूला जलरोधक पेटीत कॅमेरा बसवून ती बुडताना सलग चित्रण केले. पाणी डेकवरून धावत येते आणि कॅमेऱ्यालाही गिळते. ते पाहताना मी खुर्चीत मागे सरकलो होतो. डॅनियल फॅप यांच्या छायाचित्रणाला आणि दृश्यपरिणामांना ऑस्करची नामांकने होती. दृश्यपरिणामांत समोर एकच स्पर्धक होता, कुब्रिक यांचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा अंतराळपट. मग काय होणार ते ठरलेलेच होते.

आणि एक योगायोग, जो मला या धाग्यामुळेच लक्षात आला. कोरोनाच्या कॅमेऱ्यांतली फिल्मही ७० मिलिमीटर रुंदीची होती. म्हणजे ज्या फिल्मच्या गुंडाळीसाठी पडद्यावर एवढी मारामारी चालली आहे, तिच्याच रुंदीच्या फिल्मवरून ती मारामारी लोकांना दाखवली जात होती.

मॅकगूहन यांच्याबद्दल मुद्दाम सांगतो. त्या सुमारास ते इंग्लंडमध्ये स्वतःची दूरचित्रवाणी मालिका करत होते आणि या चित्रपटासाठी त्यांना अमेरिकेत जावे लागले. मग मालिकेच्या एका भागात नायकाचे मन दुसऱ्याच माणसाच्या शरीरात घातल्याचे कथानक रचून तो भाग दुसऱ्या नटाकडून करवून घेतला. चित्रपट पाहताना मात्र वाटते की त्यांनी तिकडची सगळी चिडचिड इकडे आणली. जोन्स प्रत्येक वाक्य असे बोलतो की जणू समोरच्याने त्याची झोपमोड केली आहे, आणि म्हणूनच तो लक्षात राहतो.

जीर्णपुस्तके

मी हे सगळे उलट दिशेने अनुभवले. मॅक्लीन यांची कादंबरी कॉलेजात असताना मुंबईच्या फोर्ट भागातल्या पदपथावरून घेतली होती, पाने सुटलेली आणि शेवटचे पान दोऱ्याने शिवलेले. चित्रपट नंतर पाहिला आणि पुष्कळ काळ रागच होता.

कादंबरीत पाणबुडीचे नाव ‘डॉल्फिन’, कप्तान स्वॉन्सन, आणि गोष्ट सांगणारा डॉक्टर कार्पेंटर. सोव्हिएत छत्रीधारी सैनिक उतरतात, दोन्ही सैन्ये बर्फावर समोरासमोर उभी राहतात, हा प्रकार कादंबरीत मुळीच नाही. ती खरे तर बंद खोलीतल्या खुनाची गोष्ट आहे. खोली म्हणजे आधी झेब्राची झोपडी आणि मग पाणबुडी. खुनी वाचलेल्यांमध्येच आहे आणि तो आपल्याबरोबर बर्फाखालून परत चालला आहे. तिथे बर्फ हा शब्दांचा असल्यामुळे, वास्कोताई, तो करकरतोही आणि टोचतोही. झेब्राकडे चालत जाण्याची ती प्रकरणे मी मे महिन्यात डोंबिवलीच्या लोकलमध्ये वाचली होती आणि तरी हात चोळले होते.

चित्रपटाने खुनाचे कोडे काढून टाकले आणि संशयाचा एकच साधा प्रश्न ठेवला: वास्लोव की अँडर्स? इथे एक गोष्ट मला दुसऱ्यांदा पाहताना जाणवली. अँडर्स कृष्णवर्णीय आहे, कठोर आहे, कोणाशी हसून बोलत नाही. वास्लोव गोलमटोल, मिठ्या मारणारा. जोन्स चुकीच्या माणसावर गोळी झाडतो तेव्हा प्रेक्षकही मनातल्या मनात तीच चूक करून बसलेला असतो. १९६८ च्या अमेरिकेत हे जाणीवपूर्वक केले असेल तर धाडस, नकळत झाले असेल तरी परिणाम तोच. जिम ब्राउन यांना मात्र यापेक्षा जास्त पडदा मिळायला हवा होता.

बाकी या चित्रपटात एकही स्त्री नाही, आणि अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज लास व्हेगासच्या हॉटेलात पडदे ओढून तो शेकडा-दीडशे वेळा पाहत बसत, अशी त्यांच्या सेवकांनी सांगितलेली कथा आहे. आकड्याबद्दल ज्याने त्याने आपापली सूट द्यावी.

शंकेखोर

कॅप्सूल मान्य, टॉर्पेडो ट्यूब मान्य. पण शेवटी तो फुगा? कॅप्सूलला दोर बांधून फुगा वर सोडतात आणि म्हणे विमान येऊन तो दोर उचलून नेणार. हे तर लहान मुलांच्या चित्रमालिकेतले वाटते. इथे तरी कल्पना आहे हे मान्य करा.

ध्रुवमत्स्य

शंकेखोर, याच प्रश्नाची वाट पाहत होतो. चित्रपटातले त्यातल्या त्यात खरे दृश्य तेच आहे.

रॉबर्ट फुल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने ही पद्धत बसवली होती. जमिनीवरचा माणूस अंगाला पट्टे बांधतो, हेलियमचा फुगा सुमारे ५०० फूट नायलॉनच्या दोरावर वर सोडतो आणि वाऱ्याकडे पाठ करून बसून राहतो. विमानाच्या नाकावर पुढे आलेली दोन शिंगे असतात. वैमानिक त्या शिंगांच्या बेचक्यात दोर धरतो, दोर आपोआप अडकतो, फुगा सुटून जातो, आणि बसलेला माणूस उभ्या उभ्या वर उचलला जातो. मग विमानाच्या पोटाखालून मागे वाहणारा तो दोर आकड्याने धरून त्याला आत ओढून घेतात. १२ ऑगस्ट १९५८ रोजी पहिला माणूस असा उचलला गेला.

आता आर्क्टिक. सोव्हिएत संघाची तरंगती केंद्रे १९३७ पासून होती. पापानिन आणि त्यांचे तीन साथीदार पहिल्या केंद्रावर २७४ दिवस वाहत राहिले होते. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाचे ‘उत्तर ध्रुव-८’ हे केंद्र बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून धावपट्टी मोडल्यामुळे घाईने सोडावे लागले. विमान उतरू शकत नाही, म्हणजे सामानही नेता येत नाही. अमेरिकनांना एवढेच हवे होते. २८ मे १९६२ रोजी जेम्स स्मिथ आणि लेनर्ड लेशॅक हे दोन अधिकारी त्या ओसाड केंद्रावर पॅराशूटने उतरले. उतरणे सोपे होते. परत यायला विमान उतरण्याची जागा नव्हती, म्हणून फुग्याचा उपाय. दोघांनी तिथली कागदपत्रे आणि उपकरणे गोळा केली, फोटो काढले, आणि २ जून रोजी दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ जातीच्या एका जुन्या विमानाने आधी सामान आणि मग एकेक करून दोघांनाही उचलले. त्या सामानावरून कळले की सोव्हिएत लोक बर्फाखालच्या पाणबुड्यांचे आवाज ऐकण्याचे तंत्र तिथे बसवत होते. मोहिमेचे नाव ‘कोल्डफीट’.

म्हणजे बर्फावरचे एक ओसाड, मोडलेले केंद्र, तिथल्या गुप्त वस्तूसाठी आकाशातून उतरलेले सैनिक आणि फुग्याने वर गेलेला माल. फक्त बाजू उलट्या: प्रत्यक्षात उतरले अमेरिकन आणि केंद्र सोव्हिएत. चित्रपटाने सैनिक सोव्हिएत केले आणि केंद्र ब्रिटिश.

शंकेखोर

हरलो.

खलाशी_निवृत्त

त्या जुन्या विमानाच्या वैमानिकाबद्दल कोणी लिहीत नाही. धूसर आकाश, खाली सगळे पांढरे, आणि दोन शिंगांच्या बेचक्यात एक दोर. मला तर जहाजावरून हेलिकॉप्टरला सामान देतानाही घाम फुटायचा.

जीर्णपुस्तके

शेवटाबद्दल एक राहिले. फेराडे कॅप्सूल हवेतच उडवून देतात, ती कोणालाच मिळत नाही, आणि मग जगभर बातमी जाते की दोन महासत्तांनी मिळून एका हवामान केंद्रातल्या लोकांना वाचवले. मला हा शेवट पूर्वी पळवाट वाटायचा. आता वाटते की धागाकर्त्यांच्या मुद्द्याला तोच सर्वांत जवळचा आहे. वर्तमानपत्रात हवामान, खाली हेरगिरी. ‘डिस्कव्हरर’ हा शास्त्रीय प्रयोग, आत कॅमेरा. हवामान केंद्र म्हणून सांगितलेल्या जागी हवामानाशिवाय बाकी सगळे चालले आहे, हे १९६८ च्या प्रेक्षकाला विनोद म्हणून दाखवले गेले आणि त्याने ते विनोद म्हणूनच घेतले.

तिकीटबारी

सहमत. पण तरीही त्या विनोदासाठी एवढे थर्माकोल नको होते.

वास्कोची_वाट

धागा वाचून मला हिमाद्रीतली एक संध्याकाळ आठवली. डिस्कव्हररच्या त्या हरवलेल्या कॅप्सूलची गोष्ट तिथल्या एका नॉर्वेजियन सहकाऱ्याने जेवणघरात आम्हाला सांगितली होती. तेव्हा नी-ऑलेसुंडमध्ये फोन फ्लाइट मोडवरच ठेवावे लागत, कारण तिथे आकाशातल्या क्षीण लहरी टिपणारी दुर्बीण आहे आणि परिसरात रेडिओलहरींना बंदी. त्यामुळे जेवणानंतर करायला गप्पा सोडून काही नसते. दुसऱ्या दिवशी बर्फाचे नमुने घ्यायला गेलो तेव्हा आमच्यातले तिघे कामापेक्षा जास्त डावीकडे-उजवीकडे बघत चालत होते.

आणि बर्फातून वर आलेले एक गंजके लोखंड खरोखर दिसले. वाकून पाहिले तर जुन्या कोळशाच्या गाडीचे चाक. ती वस्ती मुळात खाणकामगारांची, १९६२ च्या अपघातानंतर खाण बंद झाली. एकाने ते हलवायला हात पुढे केला आणि आमचा सहकारी ओरडला. स्वालबार्डमध्ये, म्हणजे स्पिट्सबर्गेन ज्यात येते त्या द्वीपसमूहात, १९४५ पर्यंतच्या कोणत्याही मानवी वस्तूला हात लावायला कायद्याने मनाई आहे, मग तो खिळा का असेना. आम्ही चाक जसे होते तसे ठेवले. थोडे पुढे गेल्यावर त्याच माणसाने हिशोब करून सांगितले की कॅप्सूल १९५९ ची, म्हणजे ती सापडली असती तर उचलायला हरकत नव्हती.